तोच बार पुन्हा, मग बदलतंय काय?

ॲसिड हाउसवर काम करायचं डोक्यात असेल, तर आधी एक करून बघा. शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाचं १९८७ मध्ये आलेलं 'ॲसिड ट्रॅक्स' लावा आणि त्याची बेसलाइन स्वरलेखनात उतरवा. दहा मिनिटांहून मोठा तुकडा, पण तुमचं काम एका ओळीत संपतं. पुढे नुसतं 'पुन्हा, पुन्हा, पुन्हा'.

आणि तरीही ऐकताना काहीतरी सतत सरकत असतं. ते सुरांमध्ये नाहीच. रोलंडचं टीबी-३०३ हे यंत्र बाजारात आलं १९८१ च्या सुमारास, एकट्या वादकाला बेस गिटारची साथ मिळावी म्हणून. त्या कामात ते फसलं, १९८४ मध्ये उत्पादन थांबलं आणि जुनी यंत्रं स्वस्तात मिळू लागली. शिकागोच्या पोरांनी सुरांचा साचा तसाच चालू ठेवला आणि फिल्टरचे नॉब फिरवले. सूर तोच, पण आवाज कधी दबका, कधी किंचाळणारा. म्हणजे बदल नादाच्या पोतात आहे, आणि स्वरलेखनात पोत लिहायला जागाच नसते. इथे स्पेक्ट्रोग्राम काढावा लागतो.

आता मुंबई. चरणजीत सिंग हे हिंदी सिनेसंगीतातले वादक. त्यांनी १९८२ मध्ये 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' केलं, तेही याच ३०३ वर, जोडीला ८०८ आणि ज्युपिटर-८. २०१० मध्ये ते पुन्हा निघालं आणि 'ॲसिड हाउस मुंबईत जन्मलं' अशी चर्चा सुरू झाली.

माझ्या पहिल्या आराखड्यात एका प्रकरणाचं नाव जवळपास हेच होतं! (मराठी माणसाला मोह होणारच.) गाइडनी एकच विचारलं, "शिकागोत ही रेकॉर्ड कोणी ऐकली होती?" माझ्याकडे पुरावा शून्य.

प्रकरण बाद झालं, पण खरा प्रश्न त्यातूनच सापडला. ऐकून बघा: सिंग यांच्याकडे ठेका आणि बेस जवळजवळ स्थिर राहतात, आणि वर रागाचं चलन हलतं. भैरव असो वा मालकंस, खालची चौकट तीच. ठेका धरणाऱ्या तबल्यासोबत गवयाने आलापी, ताना घ्याव्यात, तशी ही वाटणी. शिकागोत वर कोणी नाहीच. तिथे चौकटच रंग बदलते.

यंत्र एकच, पण बदल कुठे करायचा याच्या सवयी दोन. 'पहिलं कोण' हा प्रश्न धरून बसलो असतो, तर ही तुलना मला दिसलीच नसती. सध्या मी दहाही रागांच्या बेसलाइन वेगळ्या काढतोय. यमनपाशी अडकलोय.