मृताचे देणे : 'दिब्बुक'चा प्रयोग आणि त्याचा समाज

१

भुताची गोष्ट सांगणे आणि ती रंगभूमीवर आणणे यांत केवळ माध्यमाचा फरक नाही. कथनातले भूत शब्दांच्या आधारे उभे राहते आणि प्रत्येक श्रोत्याच्या मनात वेगळा आकार घेते. रंगभूमीवर मात्र सारेच सदेह असते. नट सदेह, प्रेक्षक सदेह आणि त्यांच्यातला व्यवहार एकाच स्थळी, एकाच काळी घडणारा. जे देहहीन आहे त्याने या देहांच्या व्यवहारात कसे यावे, हा भुताच्या नाटकापुढचा मूलभूत प्रश्न होय.

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय रंगभूमीने त्याचे एक उत्तर दृष्टिभ्रमात शोधले. डिसेंबर १८६२ मध्ये लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत डिकन्सच्या 'द हॉन्टेड मॅन' या कथेतील प्रसंग सादर करताना जॉन हेन्री पेपरने रंगमंचावर मोठी तिरपी काच बसविली. प्रेक्षकांच्या नजरेआड, प्रखर प्रकाशात उभ्या असलेल्या नटाचे प्रतिबिंब त्या काचेत पडे आणि समोरच्या नटाशेजारी पारदर्शक आकृती वावरत असल्याचा भास होई. ही युक्ती विलक्षण लोकप्रिय झाली. परंतु भूत कसे दिसते एवढाच तिचा विषय होता. ते का येते आणि कोणाकडे येते, हे प्रश्न तिच्या कक्षेबाहेरच राहिले.

या प्रश्नांना केंद्रस्थानी ठेवणारे दुसरे उत्तर ९ डिसेंबर १९२० रोजी वॉर्साच्या एलिझियम नाट्यगृहात मिळाले. त्या रात्री व्हिलना येथून आलेल्या यिद्दिश भाषेतील नाटकमंडळीने एस. अन्स्कीच्या 'दिब्बुक' या नाटकाचा पहिला प्रयोग केला. या नाटकाचा विचार सामान्यतः लोकतत्त्वाचे नाट्यरूपांतर म्हणून किंवा यिद्दिश रंगभूमीच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून होतो. त्याच्या प्रयोगाच्या इतिहासातून मात्र आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. भुताचे रंगभूमीवरील अस्तित्व नेपथ्याच्या कौशल्यापेक्षा नटसमूह आणि प्रेक्षकसमूह यांच्यातील एका सामायिक बांधिलकीवर अवलंबून असते. ही बांधिलकी श्रद्धेची असतेच असे नाही. ती मृतांच्या देण्याची असते.

२

अन्स्की, म्हणजेच श्लोयमे झानव्ल रापोपोर्ट (१८६३-१९२०), हा श्रद्धाळू लेखक नव्हता. व्हितेब्स्कच्या ज्यू वस्तीत वाढलेला हा तरुण परंपरेपासून दूर गेला, रशियातील लोकवादी चळवळीत रमला आणि पॅरिसमध्ये क्रांतिकारक विचारवंत प्योत्र लाव्रोव्हचा चिटणीस होता. रशियात परतल्यावर त्याने ज्यू लोकजीवनाचा अभ्यास हाती घेतला. १९१२ ते १९१४ या काळात व्होल्हिनिया आणि पोडोलिया या प्रांतांतील सुमारे सत्तर गावांमधून त्याच्या मोहिमेने गोष्टी, गाणी, विधी, वस्तू आणि छायाचित्रे गोळा केली. संगीतकार योएल एंगेल आणि छायाचित्रकार सोलोमन युदोविन या कामात सहभागी होते. मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनी मुद्रित करण्यात आले. जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या, किंबहुना मृत्यूनंतरच्याही लोकसमजुतींविषयी २,०८७ प्रश्नांची एक प्रश्नावली सिद्ध झाली.

या सामग्रीतून नाटक निर्माण झाले. 'दिब्बुक' या शब्दाचे मूळ 'चिकटणे' या अर्थाच्या हिब्रू धातूत आहे. देहाला चिकटलेला मृतात्मा म्हणजे दिब्बुक. मराठी वाचकाला येथे 'लागीर' हा शब्द आठवावा, कारण तोही 'लागणे' या क्रियेतूनच आला आहे. लग्नावाचून मेलेल्या मुलाच्या मुंजाची कल्पनाही या नाटकातील मृत तरुणापासून फार दूरची नाही. जीवनचक्र जेथे अर्धवट तुटते तेथे बाधा उद्भवते, ही समजूत दोन्ही लोकपरंपरांत आहे.

अन्स्कीने नाटक प्रथम रशियनमध्ये लिहिले आणि ते मॉस्को आर्ट थिएटरला दाखविले. तेथे त्याचा प्रयोग झाला नाही. कवी बियालिकने केलेले हिब्रू भाषांतर १९१८ मध्ये प्रसिद्ध झाले. या काळातच महायुद्धाने अन्स्कीच्या संशोधनाचे क्षेत्र उद्ध्वस्त केले. युद्धग्रस्त गॅलिशियात मदतकार्यासाठी फिरताना त्याने ज्यू वस्त्यांचा विध्वंस पाहिला आणि त्याचा वृत्तान्तही लिहिला. ज्या समाजाच्या भूतकथा त्याने टिपल्या होत्या, तो समाज स्वतःच स्मृतिशेष होण्याच्या मार्गावर होता. 'दिब्बुक'ची संहिता या दोन अनुभवांच्या मध्ये आकारास आली आहे. तिच्या उपशीर्षकाचा अर्थ 'दोन जगांच्या मध्ये' असा आहे, आणि तो या निर्मितिप्रक्रियेलाही लागू पडतो.

३

व्हिलनाची मंडळीही दोन जगांमध्येच उभी होती. रशियन साम्राज्यात १८८३ पासून यिद्दिश नाट्यप्रयोगांवर बंदी होती. ती नेहमीच काटेकोरपणे पाळली गेली नाही, तरी तिच्यामुळे यिद्दिश रंगभूमी अस्थिर राहिली. १९१५ मध्ये जर्मन सैन्याने व्हिलना घेतल्यावर काही हौशी तरुण-तरुणींनी परवानगी मिळवून मंडळी स्थापन केली. फेब्रुवारी १९१६ मध्ये शोलेम ॲशच्या नाटकाने तिचा आरंभ झाला. नाटक होत होते ते एका जुन्या सर्कशीच्या इमारतीत, युद्धकाळाच्या टंचाईत. भडक संगीतिकांऐवजी वाङ्मयीन नाटक, एका मुख्य नटाऐवजी समूहाभिनय आणि निरनिराळ्या बोलींच्या मिश्रणाऐवजी एकसंध भाषा, असा या मंडळीचा आग्रह होता. पुढे तिचे नट व्यावसायिक झाले. परंतु ज्या समाजातून प्रेक्षक येत होते त्याच समाजातून, त्याच्याच गरजेपोटी मंडळी उभी राहिली, हे तिचे मूळ स्वरूप समूहाभिनयाच्या आग्रहात टिकून राहिले.

अन्स्कीच्या हयातीत 'दिब्बुक'चा प्रयोग झाला नाही. ८ नोव्हेंबर १९२० रोजी त्याचे निधन झाले. ज्यू धर्माचारात मृताच्या दफनानंतरचे तीस दिवस शोकाचे मानले जातात. ते तीस दिवस पूर्ण होताना नाटक सादर करण्याचा संकल्प मंडळीने केला आणि डेव्हिड हरमानच्या दिग्दर्शनाखाली तो पार पाडला. म्हणजे या नाटकाचा पहिला प्रयोग स्वतःच मृताला दिलेल्या वचनाची पूर्ती होता. प्रेक्षागृहात जमलेल्या समूहाला हे ठाऊक होते. ज्याचे शब्द ऐकायचे तो लेखक नुकताच गेलेला आहे, या जाणिवेने नाटकाच्या आशयाला एक दुसरी पातळी मिळाली.

हा केवळ योगायोग मानता येत नाही, कारण नाटकाचा आशयही वचनभंगाचाच आहे. सेंदर आणि निस्सन या दोन मित्रांनी आपल्या होणाऱ्या मुलांचा विवाह करण्याचे वचन एकमेकांना दिलेले असते. निस्सन मरण पावतो. सेंदर श्रीमंत होतो आणि वचन विसरून मुलगी लेआ हिच्यासाठी धनाढ्य स्थळ शोधतो. निस्सनचा मुलगा खोनन हा गूढविद्येत बुडालेला गरीब विद्यार्थी लेआवर प्रेम करतो. तिचे लग्न ठरल्याचे कळताच तो कोसळतो आणि मरतो. विवाहाच्या वेळी लेआ नवऱ्याला नाकारते. तिच्या मुखातून पुरुषाचा आवाज निघतो. खोननचा आत्मा तिच्यात शिरलेला असतो.

४

या ठिकाणी प्रयोगाची समस्या उभी राहते. अन्स्कीने भुताला शरीर दिले नाही. त्याने त्याला जिवंत स्त्रीचा आवाज दिला. लेआची भूमिका करणाऱ्या मिरियम ओर्लेस्काला एकाच देहात दोन व्यक्ती उभ्या करायच्या होत्या. पेपरच्या काचेत भूत नटाशेजारी दिसे. येथे ते नटीच्या कंठात वसते. प्रेक्षक भूत पाहत नाही, तो ते ऐकतो. हा आवाज एका तरुणीच्या देहातून येत असल्यामुळे भय आणि करुणा वेगळ्या काढता येत नाहीत. रूढ भूतकथेत बाधा उतरली की सुटका होते. येथे बाधा उतरविणे म्हणजे दोन प्रेमिकांची ताटातूट करणे असते. त्यामुळे प्रेक्षकाची सहानुभूती मांत्रिकविधीच्या विरुद्ध दिशेला ओढली जाते.

नाटकातील सर्वांत धाडसी प्रसंग शेवटच्या अंकातील न्यायसभेचा आहे. मृत निस्सनने सेंदरविरुद्ध दाद मागितलेली असते. त्याला धर्मन्यायासनापुढे बोलाविले जाते आणि त्याच्यासाठी कोपऱ्यात पडदा लावून जागा राखली जाते. पडद्यामागे कोणीही नट दिसत नाही. मृताचे म्हणणे न्यायाधीश रब्बीच सर्वांना सांगतो. येथे रंगमंचावर केवळ एक कापड आहे आणि त्याच्याकडे वळलेल्या माणसांच्या नजरा आहेत. कापडामागे कोणीतरी आहे ही प्रतीती यंत्राने येत नाही. सभेतील प्रत्येक नट त्या रिकाम्या जागेशी कसे वागतो त्यावर ती अवलंबून असते. एकाही नटाच्या वागण्यात शिथिलता आली तर मृत नाहीसा होतो. समूहाभिनयाचे तत्त्व येथे शैलीपुरते उरत नाही. ते भुताच्या अस्तित्वाची अट बनते. एखाद्या श्रेष्ठ नटाभोवती रचलेल्या मंडळीला हा प्रसंग पेलणे अवघड होते. व्हिलनाच्या मंडळीला तो पेलला याचे कारण तिच्या घडणीत आहे.

न्यायासन सेंदरला दोषी धरते. त्याने अर्धी संपत्ती गरिबांना द्यावी आणि निस्सन व खोनन यांच्यासाठी आयुष्यभर मृतांची प्रार्थना म्हणावी, असा निवाडा होतो. निस्सन क्षमा केल्याचे सांगत नाही. पुढे रब्बीच्या शक्तीपुढे दिब्बुक देह सोडतो, परंतु लेआ तिच्याभोवती आखलेले संरक्षक वर्तुळ ओलांडून मृत प्रियकराकडे जाते. न्यायसंस्था, धर्मसंस्था आणि कुटुंबसंस्था या तिन्ही आपापले काम चोख करतात आणि तरीही मूळ देणे फिटत नाही. या अपुरेपणात नाटकाची शोकात्मता आहे.

५

बांधिलकी बदलली की भूतही बदलते, हे पुढच्या प्रयोगांवरून दिसते. ३१ जानेवारी १९२२ रोजी मॉस्कोत हाबिमा या मंडळीने बियालिकच्या हिब्रू भाषांतराचा प्रयोग केला. दिग्दर्शन येव्गेनी वाख्तांगोव्हचे, नेपथ्य नाथान आल्टमानचे, संगीत अन्स्कीच्या मोहिमेत सहभागी झालेल्या योएल एंगेलचे आणि लेआची भूमिका हाना रोविनाची होती. वाख्तांगोव्ह स्वतः ज्यू नव्हता, त्याला हिब्रू येत नव्हते आणि मॉस्कोच्या प्रेक्षकांपैकी पुष्कळांनाही ती कळत नव्हती. सामायिक भाषेचा आधार नसताना त्याने अर्थाचा भार हालचाल, लय आणि विरूपित मुखलेपन यांवर टाकला. लग्नात नववधूबरोबर नाचणाऱ्या भिकाऱ्यांचा प्रसंग प्रयोगाचा गाभा झाला. हरमानच्या प्रयोगात भूत हे समाजाच्या स्मृतीचे होते. वाख्तांगोव्हच्या प्रयोगात ते वर्गविषमतेने विकृत झालेल्या समाजाच्याच चेहऱ्यावर उमटले. दुसरा प्रयोग कलादृष्ट्या अधिक क्रांतिकारक ठरला. तथापि त्यात मृताचे देणे काहीसे मागे सरले आणि जिवंतांचा अन्याय पुढे आला.

डिसेंबर १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या नेबरहुड प्लेहाउसने हे नाटक इंग्रजीत केले. स्थलांतरित कामगारांच्या वस्तीतील समाजसेवा केंद्राच्या नाट्यकार्यातून हे नाट्यगृह १९१५ मध्ये उभे राहिले होते. यिद्दिश बोलणारी वस्ती सभोवती असताना रंगमंचावरची भाषा मात्र तिच्या पुढच्या पिढीची होती. आईवडिलांच्या जगातील भूत मुलांच्या भाषेत आणणे हे येथील कार्य होते. १९२६ मध्ये तेल अवीवमध्ये तर या नाटकावर जाहीर वाङ्मयीन खटला चालविण्यात आला. नवा समाज घडवू पाहणाऱ्यांनी जुन्या समाजाच्या भुतांचे काय करावे, हा त्या खटल्यामागचा खरा प्रश्न होता. भुताच्या नाटकावर आरोपपत्र ठेवावेसे वाटणे, हीच त्या भुताच्या प्रभावाची साक्ष होय.

या नाटकावर असा आक्षेप घेता येतो की, ज्यांची श्रद्धा उरली नाही अशा लेखकाने आणि नटांनी लोकसमजुतींचे सौंदर्यीकरण केले. त्यात तथ्यांश आहे. परंतु नाटक प्रेक्षकाकडे दिब्बुकावर विश्वास मागत नाही. अन्स्कीच्या मते ते गूढवाद्यांविषयीचे वास्तववादी नाटक होते. दिलेला शब्द माणूस मेल्यावरही बंधनकारक राहतो, एवढे मान्य असले की निरीश्वरवादी प्रेक्षकालाही पडद्यामागची रिकामी जागा रिकामी वाटत नाही. आरंभी व्हिलनाच्या मंडळीचा प्रयोग वॉर्सात शेकडो वेळा झाला, याचा उलगडा श्रद्धेच्या आधारे पूर्णपणे होत नाही. या सामायिक नीतिभानाने तो अधिक होतो.

नाटकाच्या पहिल्या प्रेक्षकांपुढे एक थडगेही होते. १६४८ च्या हत्याकांडात विवाहवेदीकडे जाताना मारल्या गेलेल्या वधूवरांची ती समाधी गावाच्या मध्यभागी आहे, आणि लग्नसमारंभात लोक तिच्याभोवती नाचतात. दूरच्या काळातील हत्येची ही खूण १९२० मध्ये भूतकाळाकडे बोट दाखवीत होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात व्हिलना आणि वॉर्सा येथील ज्यू समाज नष्ट करण्यात आला. पहिली लेआ, मिरियम ओर्लेस्का, हीदेखील त्या नरसंहारात बळी पडली. ज्या समूहाच्या नजरेने पडद्यामागचा मृत उभा राहत होता तो समूहच उरला नाही. १९४५ नंतर जी मंडळी हे नाटक हाती घेते तिच्यापुढे म्हणून निराळे काम येते. मृताचे म्हणणे ऐकणारी सभा आता तिला नव्याने भरवावी लागते, आणि वादीच्या जागेवर निस्सन एकटा नसतो.