अनुभवी उमेदवाराची मुलाखत : धरणगाव, 1825

अनुभवी उमेदवाराची मुलाखत कशी घ्यावी, हा प्रश्न आपण मॅनेजमेंटवाल्यांकडे सोडून देतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यात कशाला पडायचं? पण नोकरभरती म्हणजे मालक आणि नोकर पहिल्यांदा समोरासमोर येतात तो क्षण. कोणाला कोणाची गरज आहे आणि कोणाला कोणाची भीती आहे, हे तिथे जेवढं दिसतं तेवढं नंतरच्या हजेरीपटात दिसत नाही. आपल्या खानदेशातलंच एक उदाहरण बघू.

1818 मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. तेव्हा जळगाव-धुळे असे वेगळे जिल्हे नव्हते. ती विभागणी 1906 ची. सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरांतले भिल्ल सरकारी कागदांत ‘लुटारू’ म्हणून येतात. पण त्याआधी यांतलेच कितीतरी लोक गावांचे जागले होते, घाटवाटांचे राखणदार होते. गावाकडून त्यांना ठरलेले हक्क मिळत. 1803-04 चा दुष्काळ, पेंढाऱ्यांची धामधूम आणि फौजांची ये-जा यांत ती घडी विस्कटली. म्हणजे ज्यांना सरकार गुन्हेगार म्हणत होतं, त्यांच्याकडे राखणदारीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. वाटा, पाणवठे, माग काढणं हे सगळं त्यांना येत होतं.

सुरुवातीला सरकारने फौजा पाठवल्या. उपयोग थोडा झाला, माणसं मात्र मेली. मग 1825 मध्ये, एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना, भिल्लांचीच एक तुकडी उभी करायचं ठरलं : खानदेश भिल्ल कोअर. हे काम जेम्स औट्रम या 22 वर्षांच्या लेफ्टनंटकडे आलं आणि मुख्य ठाणं धरणगावला झालं.

आता उमेदवाराच्या बाजूने विचार करा. 1804 मध्ये कोपरगावला पेशव्यांचा अधिकारी बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांना दगाफटका करून पकडलं आणि त्यांतल्या बहुतेकांना दोन विहिरींत टाकून मारलं. या गोष्टीला जेमतेम एकवीस वर्षं झाली होती. आणि आता एक परका साहेब म्हणतोय, ‘या, जमा व्हा, नोकरी देतो.’ कोण येईल?

म्हणून इथे मुलाखत उलटी झाली. ‘तू याआधी काय केलंस?’ हा मालकाचा प्रश्न नंतरचा. ‘तुझ्यावर विश्वास का ठेवू?’ हा उमेदवाराचा प्रश्न आधीचा. औट्रमने आधी डोंगरात चढाई केली होती, हे विसरायचं नाही. पण नंतर तो पहारा न घेता नाईकांबरोबर जंगलात राहिला, त्यांच्यासोबत शिकारीला गेला, त्यांना दारूही पाजली. शिकारीत माणसाची नजर, दम आणि भरवसा आपोआप कळतो, आणि तो दोन्ही बाजूंना कळतो. भरती होणाऱ्याला मागच्या गुन्ह्यांची माफी होती. हे फार महत्त्वाचं आहे. खरं सांगितलं की फास बसणार असेल, तर अनुभवी माणूस आपला अनुभव सांगेलच कशाला? सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच लोक आले. काही वर्षांत कोअर शेकड्यांत गेली.

पुढे विसाव्या शतकात या गोष्टी मोजल्याही गेल्या. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1998 मध्ये 85 वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. माणूस पुढे काम कसं करेल याचा अंदाज प्रत्यक्ष काम करून घेतल्याने किंवा आधी प्रश्न ठरवून, सगळ्यांना तेच विचारून घेतलेल्या मुलाखतीने बराच बरा येतो, असं त्यात दिसलं. नुसती ‘अनुभव किती वर्षं’ ही संख्या त्या मानाने फारच कमी सांगते. मात्र 1998 चं तत्त्व उचलून 1825 वर चिकटवू नका. औट्रम काही प्रयोग करत नव्हता. त्याच्याकडे दुसरा मार्गच उरला नव्हता.

आता संशोधक म्हणून खरी अडचण. ही सगळी गोष्ट आपल्याला कोणी सांगितली? अधिकाऱ्यांच्या पत्रांनी, आणि पुढे 1880 च्या खानदेश गॅझेटियरने. म्हणजे मुलाखत घेणाऱ्याने. त्यामुळे त्यात औट्रम धाडसी दिसतो आणि भिल्ल ‘जिंकले गेलेले’ दिसतात. भरती झालेल्या माणसाने घरी जाऊन काय सांगितलं, हे त्या कागदांत नाही. शिवाय ही कोअर वापरली गेली ती बऱ्याचदा इतर भिल्लांविरुद्धच. सरकारच्या हिशेबात ते यश; ज्याने आपल्याच नात्यातल्या माणसाचा माग काढला, त्याच्या हिशेबात काय? कोअरला ‘यशस्वी भरती’ म्हणण्याआधी हा प्रश्न प्रबंधात यायलाच हवा.

तुम्हाला उद्या गिरणी कामगारांवर, शिक्षकभरतीवर किंवा पोलीसपाटलांवर काम करायचं असेल, तर भरतीचा कागद हातात आल्यावर आधी एवढं बघा : प्रश्न कोणी विचारले, खरं सांगितल्याने उमेदवाराचं काय जाणार होतं, आणि काम येतं की नाही हे प्रत्यक्ष पाहिलं की नुसतं ऐकलं. क्षेत्रकार्याला जाल तेव्हा हेच प्रश्न स्वतःलाही लावा. साठ वर्षं शेती केलेल्या आजोबांसमोर तुम्ही वही उघडून बसता, तेव्हा तुम्ही मुलाखत घेणारे असता. पण ते आधी तुमची घेत असतात. ती होऊ द्या, घाई करू नका.