आपण गप्पा ‘मारतो’ का?

१/ मोहोळला पारावर बसून गप्पा मारणारी मंडळी रोज दिसतात. भाषण आपण करतो, गोष्ट सांगतो. गप्पा मात्र मारतो. त्यात मारण्यासारखे काय आहे? आणि अलीकडे शुद्धतेचे आग्रही सुचवतात त्याप्रमाणे हा शब्द परका म्हणून टाकून द्यावा काय?

२/ शब्द फार्सी आहे, यात शंका नाही. मूळ रूप ‘गप’, अर्थ बोलणे. अफगाणिस्तान आणि ताजिकिस्तानात बोलण्याला आजही ‘गप झदन’ म्हणतात. ‘झदन’ म्हणजे मारणे! उझबेक भाषेत तर व्याकरणातल्या वाक्यालाच ‘गप’ म्हणतात. म्हणजे शब्दासोबत त्याचे क्रियापदही भाषांतरित होऊन आपल्याकडे आले, असे दिसते.

३/ तिकडे हे साधे बोलणे. रिकामटेकडेपणाची छटा मुख्यतः इकडची.

४/ फार्सी शब्द या मुलखात रुजले कसे? सोलापूरचा प्रदेश बहमनी राज्यात होता. पुढे आदिलशाही आणि निजामशाही त्यासाठी झगडत राहिल्या. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (१५३४–१५५८) दप्तरातील हिशेब फार्सीऐवजी देशी भाषेत ठेवण्यास आरंभ केला. लेखणी देशी हातांत आली; जमीन, हिशेब, अर्ज, शिक्का हे शब्द मात्र राहिले.

५/ शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि सुमारे चौदाशे शब्दांना संस्कृत पर्याय दिले. ते राज्यकारभाराचे काम होते. दरबाराची परिभाषा आज्ञेने बदलता येते. पाराची भाषा कोणाच्या आज्ञेत नसते.

६/ पाराने या शब्दाचे काय केले, ते पाहा. ‘कोपिष्ट’च्या धर्तीवर ‘गप्पिष्ट’ घडवला. मंगलाष्टकातले ‘अष्टक’ जोडून ‘गप्पाष्टक’ केले. ‘दास’ लावून ‘गप्पीदास’ही जन्माला घातला. फार्सी धातूला संस्कृत शेपूट! भाषेने आपलासा न केलेला शब्द असा फुटवे धरीत नाही.

७/ मग ‘शुद्ध’ पर्याय कोणता? ‘गोष्टी’. त्याचे मूळ संस्कृत ‘गोष्ठी’, म्हणजे सभा, संभाषण. त्याच्या मुळाशी आहे ‘गोष्ठ’: गाई बांधण्याची जागा, म्हणजेच आपला गोठा. शब्दाची जन्मजागा पाहून त्याची प्रतिष्ठा ठरवायची म्हटले, तर गोष्टीलाही गोठ्यातून बाहेर यावे लागेल.

८/ माधव जूलियन (मा. त्रिं. पटवर्धन) यांनी १९२५ साली फार्सी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. यात मला विसंगतीपेक्षा एक शिस्त दिसते: शब्द काढा म्हणण्याआधी तो कुठून आला आणि इथे काय होऊन बसला, हे नीट जाणून घ्यावे.

९/ माझ्या गावाच्या नावाचा अर्थच मधमाश्यांचे पोळे. मधमाशी शेजारच्या शिवारातले फूल वर्ज्य मानीत नाही. तरी मध मोहोळाचाच ठरतो. (समाप्त)