सुवाह्य टाइमकोड यंत्र

सुवाह्य टाइमकोड यंत्र हे चित्रपटातील चित्र आणि ध्वनी यांचा मेळ साधण्यासाठी वापरले जाणारे छोटे इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. चित्रपटात ध्वनी बहुधा कॅमेऱ्याऐवजी स्वतंत्र रेकॉर्डरवर मुद्रित केला जातो. संकलनात हे दोन्ही नेमके जुळले नाहीत, तर पात्राचे ओठ आणि शब्द यांत अंतर पडते.

कार्यपद्धती

टाइमकोड हा तास, मिनिटे, सेकंद व फ्रेम दर्शविणारा आठ अंकी संकेत होय; उदा. १०:१५:३०:१२. चित्रीकरणापूर्वी सर्व यंत्रांची वेळ एका मुख्य यंत्राशी जुळवली जाते. या क्रियेस 'जॅम सिंक' म्हणतात. त्यानंतर प्रत्येक कॅमेऱ्यावर व रेकॉर्डरवर एकेक यंत्र बसवतात. टाइमकोडची स्वतंत्र जोडणी नसलेल्या कॅमेऱ्यात हा संकेत एका ध्वनिपट्टीवर नोंदवतात. संकलनाची संगणकप्रणाली समान संकेत शोधून चित्र व ध्वनी जुळवते.

अचूकता व मर्यादा

घड्याळात दशलक्षात १० भागांची चूक असल्यास तासाला ३६ मिलिसेकंदांचा फरक पडतो. सेकंदाला २४ फ्रेम या वेगात एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंदांची असते. म्हणून या यंत्रांत तापमानातील बदलांची भरपाई करणारा स्फटिक-दोलक वापरतात. सर्व उपकरणांचा फ्रेम-वेग समान ठेवणे आवश्यक असते. टाइमकोड दृश्याचा आरंभ जुळवतो. मात्र कॅमेरा व रेकॉर्डर यांची अंतर्गत घड्याळे भिन्न गतीने चालल्यास दीर्घ दृश्यात ध्वनी हळूहळू सरकतो. त्यामुळे पडताळणीसाठी क्लॅप देण्याची पद्धत आजही टिकून आहे.