गोदावरीवरील बांधकामें : एका दिवसाचें अवलोकन

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे बखरी, सनदा व पत्रें डोळ्यांपुढें येतात. नदीवरील बांधकाम हेंही तितकेंच अस्सल साधन होय. तें प्रत्यक्ष पहावें या हेतूनें आम्हीं पेठहून नाशिक व तेथून नांदूर मध्यमेश्वर असा एका दिवसाचा फेरा केला.

पेठ हें १८७८ सालीं खालसा झालेल्या संस्थानाचें ठिकाण. येथें पाऊस विपुल. परंतु तें पाणी दमणगंगेस मिळून पश्चिम समुद्रास जातें. सावळघाटानें सह्याद्रीचा माथा ओलांडला म्हणजे पाणी पूर्वेस गोदावरीकडे वळतें, व पाऊस उणा होत जातो. नदीचें पाणी अडवून राखण्याची निकड या बाजूस अधिक.

नाशकांतील रामकुंड १६९६ सालीं चित्रराव खटारकर यांनीं बांधलें. थोरले माधवराव पेशवे यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनीं त्याची दुरुस्ती केली. यात्रेकरू त्यास तीर्थ म्हणून पाहतात. तें पात्रांतच पाणी धरणारें बांधकाम आहे, हें संशोधकानें विसरूं नये. जवळच १७४७ सालचें नारोशंकराचें देवालय व पात्रांतील दुतोंड्या मारुती आहेत. मारुतीच्या कोणत्या अंगास पाणी लागलें यावरून नाशिककर पूर मोजतात. २००८ व २०१९ च्या पुरांतही लोकांची नजर याच मूर्तीवर होती. दगडी मूर्तीस पूरमापकाचें काम देणारी ही लोकरीति कागदोपत्रीं पुराव्याइतकीच मोलाची आहे.

सायंकाळीं आम्हीं नांदूर मध्यमेश्वरास पोंचलों. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील हा दगडी बंधारा होय. त्याच्या कालव्यांचें पाणी अहिल्यानगर जिल्ह्यांतील कोपरगांवाकडील शेतांस मिळतें. बंधाऱ्यामागें गाळ सांचून पाणथळ जागा बनली, पक्षी आले, आणि तिची गणना रामसर स्थळांत झाली. बांधणारांच्या मनांतही नसलेला हा परिणाम होय.

जुन्या कामांचें रूप असें काळानुसार पालटत असतें. पण पुरावाच झांकून टाकणें ही गोष्ट निराळी. २००३ च्या सिंहस्थापूर्वीं नाशकांत पात्रांत काँक्रीट घालण्यांत आलें व कित्येक जुनीं कुंडें त्याखालीं गेलीं. पुढें तें काढण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. तथापि आधीं मापें व नकाशे नसतील, तर उघड्या झालेल्या दगडाचें मूळ स्थान कशावरून ठरवावें? सिंहस्थ बारा वर्षांनीं पुन्हां येतो, व त्याबरोबर नवीं कामेंही येतात. तत्पूर्वीं प्रत्येक घाटाचें व कुंडाचें माप, शिलालेख आणि छायाचित्र यांची नोंद व्हावी, अशी आमची अभ्यासकांस विनंति आहे. कागद गहाळ झाल्यास त्याची नक्कल कोठें तरी सांपडते. दगडाची नक्कल नसते.