कात, काढा आणि कातकरी

शहापूरच्या एसटी स्टँडबाहेर एक कातकरी मावशी गुळवेलीच्या जुड्या मांडून बसली होती. करंगळीएवढ्या जाड कांड्या, त्यांच्यावर कागदासारखी सुटणारी मातकट साल. "मावशी, हे घ्यायचं कसं?" मी विचारलं. "काढा कर. कढव चांगला, पाणी आटू दे," ती म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. आसनगाव स्टेशनापर्यंत 'काढा' आणि 'कढव' हे दोन शब्द माझ्या डोक्यात घोळत होते. गाडीत बसलो आणि तिसरा शब्द त्यांच्याशेजारी येऊन बसला: कात. ज्या कातावरून त्या मावशीच्या जमातीला नाव पडलं, तो कात.

काढा म्हणजे वनस्पतीतून 'काढलेला' अर्क, असं आपण सगळेच धरून चालतो. मीही कित्येक वर्षं तसंच समजत होतो. पण ही व्युत्पत्ती टिकत नाही. अडुळशाची पानं कुटून पिळली तर रसही काढलेलाच असतो, पण त्याला कोणी काढा म्हणत नाही. काढ्याला विस्तव लागतो. वैद्यकात औषधाच्या पाच मूळ कृती सांगितल्या आहेत: स्वरस, कल्क, शृत, शीत आणि फांट. त्यांतली शृत म्हणजे उकळून आटवलेली कृती, आणि तिचंच दुसरं नाव क्वाथ. एक भाग भरड, सोळा भाग पाणी, आठवा हिस्सा उरेपर्यंत मातीच्या भांड्यात आटवायचं, हे शार्ङ्गधरसंहितेतलं प्रमाण. बाराव्या शतकातला हेमचंद्र आपल्या प्राकृत व्याकरणात सरळ नियमच देतो, की 'क्वथ्' आणि 'वर्ध्' या धातूंच्या शेवटी 'ढ' येतो. 'क्वथ्'चं झालं कढइ. त्यातूनच आपलं कढणं, कढवणं, दुधाचा कढ, ताकाची कढी आणि काढा. 'काढणं' हे क्रियापद 'कृष्' म्हणजे ओढणे या निराळ्या कुळातलं. दोघांचा चेहरा सारखा, एवढंच.

आता कात. खैराचा तांबडा गाभा तासून त्याच्या चिपा करायच्या, त्या मडक्यात उकळायच्या, पाणी गाळून पुन्हा चुलीवर ठेवायचं, घट्ट झालं की ओतून वाळवायचं. म्हणजे हा काढाच, फक्त आठव्या हिश्श्यावर न थांबता पाणी पार संपेपर्यंत नेलेला. विड्यातला कात आणि खोकल्यावरचा काढा ही एका क्वाथाची दोन लेकरं, असं माझं म्हणणं आहे.

याला आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप हेमचंद्राच्याच घरचा. 'क्वथ्'चा 'ढ' होत असेल तर कातात 'त' कुठून आला? माझं उत्तर असं, की काढा हा शब्द घरोघरच्या चुलीवर झिजत आला, पण कात हा व्यापाराचा माल. त्याचं नाव वैद्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या तोंडून 'क्वाथ'मधून थेट, 'थ' शाबूत ठेवून आलं. हिंदीत काथ आणि कत्था आहेच. मराठीला शब्दाच्या शेवटचा 'थ' जड जातो, हिंदीत हाथ तर आपल्याकडे हात, तसाच काथचा कात. आणि सगळ्यात बोलका पुरावा जमातीच्या दुसऱ्या नावात आहे. कातकऱ्यांना काथोडीही म्हणतात. तो 'थ' तिथे अजून जिवंत आहे.

दुसरा आक्षेप दक्षिणेकडून येतो. कन्नडमध्ये काताला काचु म्हणतात, आणि तमिळमध्ये 'काय्च्चु' म्हणजे उकळणे. इंग्रजीतला 'कॅटेच्यू' मलय भाषेतल्या काचुवरून आला, असं बहुतेक मानतात. मग कात हा काचुचाच मराठी अवतार नसेल कशावरून? मला पटत नाही. 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य या पदार्थाला 'काते' म्हणतो. कानडी मुलूख शेजारी असूनही त्याच्या कानावर पडला तो 'त', 'च' नव्हे. आणि समजा मी हरलो, तरी दोन्ही वाटा उकळण्यापाशीच पोचतात. कातकरी म्हणजे कढवणारी माणसं, हे कोणत्याही वाटेनं खरंच ठरतं.

पुढे वनकायदे आले, खैरतोड आवळली गेली आणि कात कातकऱ्यांच्या हातून सुटला. कोळशाच्या भट्ट्या, वीटभट्ट्या, स्थलांतर हे सर्वांना ठाऊक आहे. मग 2020 च्या साथीत गुळवेल आली. शहापूरच्या कातकरी तरुणांच्या संस्थेला वनधन योजनेतून मोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांची सुमारे दीड कोटी रुपयांची मागणी मिळाली. कढवणाऱ्यांचं नाव घेऊन फिरणारी जमात पुन्हा काढ्याच्या धंद्यात आली, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

इथे आणखी एक धागा सापडतो. 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्ये नोंद आहे, की कातकरी स्वतःला रामाच्या सैन्यातल्या वानरांचे वंशज मानतात. आणि सोळाव्या शतकातला भावप्रकाश हा वैद्यकग्रंथ गुळवेलीची जन्मकथा सांगतो ती अशी: रावणवधानंतर इंद्रानं मेलेल्या वानरांवर अमृत शिंपडलं, ते उठले, आणि त्यांच्या अंगावरून थेंब जिथे जिथे पडले तिथे ही वेल उगवली. म्हणून ती अमृता. दोन कथा एकमेकींना ओळखत होत्या, असंच मी मानतो. वेल जंगलातून आणणारा आणि ती विकत घेणारा वैद्य यांच्यात नुसते पैसेच फिरले असतील थोडेच?

पण अमृता या नावानं घातही केला. साथीत लोक काढा सोडून गोळ्या, चूर्ण आणि घट्ट अर्क महिनोन्‌महिने घेऊ लागले. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले 6 रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती डॉक्टरांनी ओळखून पाहिलीच नव्हती, ती 'टिनोस्पोरा क्रिस्पा' ही गुळवेलीची विषारी बहीण असू शकते. पुढच्या वर्षी 13 रुग्णालयांतल्या 43 रुग्णांचा अभ्यास आला, आणि त्यात काही नमुने तपासल्यावर खरी गुळवेलच निघाली. बऱ्याच जणांत स्वप्रतिकार यकृतदाहाची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटल्याची लक्षणं दिसली. म्हणजे मंत्रालयाचा मुद्दा रास्त, पण पुरेसा नाही. थायरॉइडच्या काही विकारांसारखा स्वप्रतिकाराचा आजार असलेल्यानं, किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यानं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेलीला हात लावू नये. कावीळ दिसली तर गुळवेल त्याच दिवशी थांबवावी.

गुळवेलीच्या या बहिणीची ओळख मावशीला विचारायला मी पुन्हा शहापूरला गेलो. तिनं कांडीवर नख ओढलं. पातळ पापुद्रा सुटला, खाली हिरवंगार. "अंगाला फोड नकोत, चीक नको, पान पिंपळावाणी," ती म्हणाली. क्रिस्पाच्या खोडावर गाठी असतात आणि कापलं की दुधी चीक येतो, हेच तर मंत्रालयाच्या पत्रकात होतं. मग तिनं कोयत्यानं कांडी आडवी तोडली आणि काप माझ्यापुढे धरला. मधोमधून निघालेल्या आऱ्या, अगदी बैलगाडीचं चाक. निघंटूत गुळवेलीला चक्रलक्षणिका म्हटलं आहे ते यावरून.

त्या जुडीतली एक कांडी मी घरी खिडकीला सुतळीनं टांगून ठेवली. माती नाही, पाणी नाही. तिसऱ्या आठवड्यात तिला बाजूनं नखाएवढं हिरवं पान फुटलं.