कुंडीतील सूक्ष्म जीव : आधी ओळख, मग उपाय

पावसाळ्यात अंगणातील कुंड्या घरात आणून ठेवल्या, की थोड्याच दिवसांत मातीवर काळी चिलटे घिरट्या घालू लागतात किंवा पानांमागे पांढरे ठिपके हलताना दिसतात. अशा वेळी हाती येईल ते कीटकनाशक फवारण्याकडे अनेकांचा कल असतो. परंतु या जिवांपैकी काही पूर्णतः निरुपद्रवी असतात, तर काही चुकीच्या औषधाने उलट वाढतात. शिवाय तुळस, पुदिना, कढीपत्ता यांची पाने आपल्या पोटात जातात. म्हणून उपायापूर्वी ओळख पटविणे अगत्याचे ठरते.

त्यासाठी दहापट मोठे दाखविणारे भिंग आणि पांढरा कागद पुरेसा आहे. कागद फांदीखाली धरून पाने हलकेच झटकावीत आणि पडलेले जीव न्याहाळावेत. जीव मातीत आहे की पानावर, त्याला पाय सहा की आठ, डिवचल्यावर तो उडतो, उसळतो की जागीच राहतो, एवढ्या तीन प्रश्नांत बहुतेक उलगडा होतो.

मातीतील जीव

फंगस नॅट : २ ते ४ मि.मी. लांबीचे, लांब पायांचे, डासासारखे दिसणारे काळसर चिलट. ते चावत नाही. त्याच्या पारदर्शक पांढऱ्या अळीचे डोके काळे व चकचकीत असते. ही अळी ओल्या मातीतील बुरशी आणि कोवळी मुळे खाते. मातीवर कच्च्या बटाट्याची चकती ठेवून तीन-चार दिवसांनी उलटून पाहिल्यास अळ्या तिला चिकटलेल्या आढळतात.

स्प्रिंगटेल : पंख नसलेला, १ ते २ मि.मी. लांबीचा, पाणी घालताच टुणकन उसळणारा जीव. तो कुजका पाला व बुरशी खातो. त्याला मारण्याचे कारण नाही.

पानांवरील जीव

मावा : कोवळ्या शेंड्यांवर दाटीने बसणारा, मऊ अंगाचा कीटक. पाठीमागे दोन बारीक नळ्या दिसतात. त्याच्या चिकट स्रावामुळे मुंग्या येतात आणि पानांवर काळी बुरशी धरते.

पांढरी माशी : झाड हलविताच पानांखालून पांढऱ्या भुकटीसारखी उडते.

पिठ्या ढेकूण : जास्वंदीवर हमखास आढळतो. पेरांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसतात.

फुलकिडे : १ ते २ मि.मी. लांबीचे, काडीसारखे निमुळते. पानांवर रुपेरी ओरखडे आणि काळे ठिपके ही त्यांची खूण.

लाल कोळी : अर्ध्या मिलिमीटरहून लहान, आठ पायांचा, म्हणजे कीटक नव्हेच. पानांवर पिवळे टिपके आणि पुढे बारीक जाळी दिसते. कोरड्या, उष्ण दिवसांत तो झपाट्याने वाढतो. अनेक सर्वसाधारण कीटकनाशकांनी त्याला खाणारे मित्रजीव मरतात आणि त्याचेच फावते.

उपाय

फंगस नॅटवर खरा उपाय पाण्याचा संयम हाच आहे. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती कोरडी झाल्याखेरीज पाणी घालू नये. प्रौढ चिलटांसाठी पिवळे चिकट सापळे लावावेत. मावा आणि लाल कोळी पानांच्या खालच्या बाजूस पाण्याचा जोरदार फवारा मारून बरेच कमी होतात. पिठ्या ढेकूण ओल्या कापसाने पुसून काढता येतो. त्यानंतरही गरज भासल्यास लिटरभर पाण्यात ५ मि.लि. निंबोळी तेल आणि थोडा सौम्य साबण मिसळून सायंकाळी फवारावे. आधी एका पानावर चाचणी घ्यावी. नवीन आणलेले रोप दोन आठवडे इतरांपासून वेगळे ठेवावे.

शेवटी एक सावधगिरी. कुंडीखालच्या बशीत साचलेल्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्यास त्या फंगस नॅटच्या नव्हेत, डासांच्या समजाव्यात. डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशाच स्वच्छ पाण्यात आठवडा-दहा दिवसांत तयार होतो. आठवड्यातून एकदा बशी रिकामी करून घासावी. कुंडीतील इतर उपद्रवी जीव झाडाचे नुकसान करतात. हा मात्र घरातल्या माणसांच्या जिवावर उठतो.